कोणाचे पाप?
(शास्त्रभाग : योहान ९:१-७)



जन्मांध मनुष्य समोर बसलेला असता शिष्यांना त्याच्या डोळ्यांपेक्षा दोषी कोण ह्याचीच चिंता अधिक लागली होती. प्रभूने त्याच्यावरील व त्याच्या आईबापांवरील दोन्ही आरोप दूर सारले, आणि चिखल कालवून तो कामाला लागला.

जुन्नर व आंबेगावच्या वाड्यावस्त्यांत मूल खंगू लागले की हाच प्रश्न प्रथम त्याच्या आईला विचारला जातो. दृष्ट काढतात, देवऋषी बोलावतात. आणि खेदाची गोष्ट ही की, आपल्या मंडळीतही कोणी हळूच म्हणतो, 'घरात काही पाप असेल.'

सिस्टिक फायब्रोसिस नावाचा एक विकार आहे. तो उपजतच असतो. शरीराच्या पेशींतून मीठ-पाणी ये-जा करण्याची वाट त्यात बिघडते. म्हणून छातीतील कफ डिंकासारखा चिकट होतो व त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाचा पाचक रस अडतो, म्हणून पोटभर जेवूनही मूल वाळते व त्याला तेलकट, दुर्गंधी शौचास होते. आईने मुका घेतला तर ओठांना खारट लागते. युरोपातही पूर्वी अशा खारट कपाळाच्या बालकाला चेटूक झाले असे मानीत. तेव्हा अज्ञान एकट्या आपल्याच डोंगरात आहे असे नव्हे.

ह्या विकाराचे स्पष्ट वर्णन १९३८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन ह्या बाईंनी केले. १९४८ च्या उन्हाळ्यात त्या शहरी ही मुले उष्म्याने गळून पडू लागली. त्यावरून शोध घेता १९५३ साली त्यांच्या घामातील जादा मीठ उघडकीस आले. दोषी जनुक १९८९ साली सापडले. आईकडून एक व बापाकडून एक, असे दोन्ही दोष एकत्र आले तरच विकार होतो. आईबाप स्वतः निरोगी असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भाला चारांत एक वेळ हा धोका असतो. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची आपली चाल असा योग वाढविते. लग्न ठरविताना वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मग एकट्या सुनेला बोल का?

आपल्या देशात हा विकार नाहीच असे वैद्य पुष्कळ काळ समजत, आणि अशी मुले क्षयाची किंवा उपासमारीची म्हणून गणली गेली. तरी क्षयाचे औषध चालू असेल तर हे वाचून कोणीही ते सोडू नये. मंचरच्या सरकारी दवाखान्यात मूल दाखवून, घामाची तपासणी कोठे होईल, असे विचारावे. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या धोरणातील एक केंद्र आहे.

विकार समूळ जात नाही. २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या तीन औषधांच्या गोळीने पुष्कळांना मोठा गुण येतो, पण तिची किंमत आपल्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून रोजचे काम राहते : जेवणाबरोबर पाचक औषध, वाफाऱ्याच्या यंत्राने खारे पाणी, आणि हाताचा द्रोण करून छाती-पाठ थोपटणे. हे शेवटचे काम दवाखान्यात शिकून घ्यावे. ते सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षे करावे लागते, आणि एकटी आई त्यात थकते.

उपदेशक बंधूंनो, अशा घरी प्रार्थनेस जाल तेव्हा थोपटण्याची वेळ असेल तर आधी हात धुवा व आईला थोडे बसू द्या. आणि वैशाखात, डॉक्टरांनी सांगितले असेल तितके मीठ त्या बाळाच्या पेजेत पडले की नाही, तेही विचारा.