निधान

गेल्या वर्षी दिवाळी आटोपली आणि आमच्या घरात गोकर्णाचा विषय निघाला. नोकरीतून मोकळा होऊन मला चार वर्षे झाली होती. मुलगा पुण्याला, मुलगी हुबळीला. घरात आम्ही दोघे आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई. फार लांबचा प्रवास तिला झेपणार नाही, तेव्हा दोन मुक्कामांची लहानशी, निवांत सहल करावी असे ठरले. बेळगावहून हुबळी, यल्लापूर, मग अरबैल घाट उतरून अंकोला आणि तिथून गोकर्ण. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत मुलीकडे चहा. याहून सोपा बेत कोणता?

हिशेब कागदावर मांडायची सवय मला नोकरीने लावली. जुन्या डायरीच्या कोऱ्या पानावर ‘निवांत सहल’ असा मथळा घातला, खाली रेघ मारली आणि लिहायला बसलो. पहाटे चारला उठणे. पाचला प्रस्थान. दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्रस्नान, कोटितीर्थ, महागणपती, महाबळेश्वर, ताम्रगौरी, भद्रकाली. दुपारी ओम किनारा, संध्याकाळी कुडले किनाऱ्यावर सूर्यास्त. तिसऱ्या दिवशी मुरुडेश्वर करून परत. शेजारी सामानाची यादी : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, बेसनाचे लाडू, चहासाखर, लहान स्टोव्ह. पान भरले. निवांत हा शब्द मथळ्यात होता, खाली कुठेच नव्हता. पण ते तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

माझ्या लक्षात आली ती दुसरीच अडचण. आमच्या गल्लीत एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत, त्यांचा शब्द आम्ही मानतो. बेत ऐकून ते म्हणाले, “देवाला निघालात की हवा खायला? एकदा काय ते ठरवा. दोन्ही एका गाडीत बसत नाहीत.” माझ्या वडिलांचेही, म्हणजे अण्णांचे, असेच मत होते. पायाला फोड आल्याशिवाय यात्रा देवापर्यंत पोचत नाही, असे ते म्हणत. क्षेत्राच्या गावी विश्रांतीसाठी जाणे म्हणजे देवाच्या नावावर आपली चैन खपवणे. हा आरोप मला खरोखरच बोचला. दोन-तीन दिवस मी त्याच विचारात होतो.

उत्तर सापडले ते घरच्याच पोथीत. मार्गशीर्षात आमच्याकडे गुरुचरित्राचा सप्ताह असतो. गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधरांची घरची भाषा कानडी होती असे मानतात; म्हणजे हा ग्रंथ आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या माणसांचा अगदी जवळचा. त्यातले सहावा आणि सातवा हे अध्याय गोकर्णाचेच आहेत. श्रीपाद श्रीवल्लभ तीन वर्षे तिथे राहिले, तेव्हा त्या क्षेत्राचे माहात्म्य काय, हा प्रश्न निघतो आणि कथा सुरू होतात.

सातव्या अध्यायात एक म्हातारी आहे. समाजाने दूर लोटलेली, आंधळी, रोगाने पोखरलेली. शिवरात्रीला लोक गोकर्णाला चालले होते, त्यांच्यामागून ही गेली; देवासाठी नव्हे, घासभर अन्नासाठी. कोणीतरी तिच्या हातावर बेलाचे पान ठेवले. खाण्याची वस्तू नाही हे कळताच तिने ते भिरकावले. ते पडले शिवलिंगावर. अन्न मिळाले नाही, म्हणून उपास घडला. भुकेने झोप आली नाही, म्हणून जागरण घडले. आणि तिला न्यायला शिवाचे दूत विमान घेऊन आले! तिने संकल्प सोडला नव्हता, यात्रा म्हणून पाऊल उचलले नव्हते. पोथी म्हणते, तरी ते देवाला पोचले.

हे वाचले आणि मला हायसे वाटले. हेतू सोवळा नसला तरी क्षेत्र माणसाला हाकलून देत नाही. मग आम्ही समुद्राच्या ओढीने गेलो तर काय बिघडले? गल्लीतल्या गृहस्थांना द्यायचे उत्तर मी मनात घोकून ठेवले आणि त्या रात्री जेवणानंतर डायरी काढून सगळा बेत मोठ्याने वाचून दाखवला.

आई शांतपणे ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, “देवळात नाही नेलंस तरी चालेल रे मला. तेवढा समुद्र दाखव. दिवसाउजेडी.”

मी चकित झालो. “आई, आपण गेलो होतो की गोकर्णाला! १९६८ साली. आजोबांच्या वर्षश्राद्धानंतर.”

ती यात्रा मला लख्ख आठवते. मी सहा वर्षांचा होतो. सतरा माणसे, तीन ठिकाणी गाडी बदललेली, उपाध्यायांच्या घरी उतरलेलो. अण्णांच्या खांद्यावर बसून मी समुद्र पाहिला. ओल्या वाळूत काकांनी मला किल्ला करून दिला. तिन्ही दिवस दुपार-संध्याकाळ आम्ही मुले किनाऱ्यावरच होतो. आयुष्यातला पहिला निवांतपणा कोणता, असे कोणी विचारले तर मी ते तीन दिवस सांगेन.

आई म्हणाली, “तू होतास समुद्रावर. आम्ही बायका काळोखात गेलो, काळोखात बुडी मारली, आणि ओल्या लुगड्यानं परत येऊन चुलीपुढं बसलो. सतरा माणसांचा सोवळ्यातला स्वयंपाक. तीन दिवस गाज तेवढी ऐकली. दार उघडं असलं की वारा यायचा खारट.” मग, मी काही बोलणार एवढ्यात, “त्यात काय एवढं. तेव्हा सगळ्याच करायच्या,” असेही म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला अण्णांची बाजू घेता आली असती.

मी डायरीच्या पानाकडे पाहिले. दशम्या, चटणी, मेतकूट, स्टोव्ह. आणि त्या आठवड्यात हिने मला तीनदा काय सांगितले होते, ते आठवले. पहाटे चारला उठायचे असे मी म्हणालो तेव्हा ती म्हणाली होती, “तुम्ही चारला, म्हणजे मी अडीचला.” यादी पाहून म्हणाली, “अहो, तिथं विकत काही मिळत नाही का?” आणि तुला तिथे काय पाहायचे आहे, असे मी मोठ्या उदारपणे विचारले, तेव्हा म्हणाली, “मला? मला एक दिवस आठ वाजेपर्यंत झोपू द्या.” तिन्ही वेळा मी ते हसण्यावारी नेले होते.

तिनदा! तेव्हा मला सहावा अध्याय आठवला आणि मी चपापलो.

ती कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. रावण घोर तप करून आत्मलिंग मिळवतो. अट एवढीच, की लंकेला पोचेपर्यंत ते खाली ठेवायचे नाही. वाटेत संध्येची वेळ होते. किनाऱ्यावर एक पोर गुरे राखत असते. तो असतो गणपती. रावण म्हणतो, एवढे धर, मी संध्या करून येतो. पोर म्हणते, जड आहे. तीनदा हाक मारीन, नाही आलास तर ठेवून देईन. तीन हाका होतात, रावण येत नाही, लिंग भूमीवर टेकते आणि कायमचे तिथेच राहते. रावण सगळे बळ लावून उपटू पाहतो; त्या पिळवटण्याने त्याला गाईच्या कानाचा आकार येतो, म्हणून गोकर्ण, असे सांगतात.

आजवर मी ही कथा गणपतीच्या चतुराईची म्हणून ऐकत आलो. त्या रात्री ती मला वेगळी दिसली. रावण त्या घटकेला काही पाप करत नव्हता. संध्या करत होता, वेळच्या वेळी, नेमाने. आपले ओझे दुसऱ्याच्या हातात देणे, हाही काही अपराध नव्हे. ओझ्याशिवाय संध्या होत नाही आणि ओझ्यासकटही होत नाही, म्हणून कोणाच्या तरी हातात द्यावेच लागते. रावणाचे चुकले ते एवढेच, की पोराची हाक ऐकू येऊनही त्याला आपले सत्कृत्य अधिक महत्त्वाचे वाटले.

अण्णा १९६८ साली श्राद्धकर्मात गुंतले होते. तेही सत्कृत्यच होते. कष्टाशिवाय यात्रा नाही, हे त्यांचे म्हणणेही मी खोटे म्हणणार नाही. पण कष्ट कोणाचे आणि पुण्य कोणाच्या खात्यावर, हा प्रश्न उरतोच. चुलीपुढच्या तीन दिवसांची जमा त्यांनी अजाणता आपल्या खाती मांडली असेल, तर मी माझ्या ‘निवांत’ सहलीत नेमके तेच करायला निघालो होतो. मला वाटले होते, प्रश्न देव की चैन असा आहे. तो तसा नव्हताच. देवाला जा नाहीतर हवा खायला जा. आपण हात मोकळे करतो तेव्हा त्यातले ओझे कोणाच्या हाती जाते, हा खरा प्रश्न.

काही जण म्हणतील, घरच्यांसाठी राबण्यात बायकांना आनंद असतो, त्याला ओझे कशाला म्हणायचे? असतो, नाही कोण म्हणतो? पण आनंद आहे की नाही, हे ज्याच्या हातात वस्तू आहे त्याने सांगायचे. ज्याने ती दिली त्याने नव्हे.

दुसऱ्या दिवशी पान फाडले. नव्या पानावर चारच ओळी आल्या. नऊला निघणे. जेवण वाटेत. मुरुडेश्वर रद्द. समुद्र, दिवसाउजेडी.

तसेच गेलो. अरबैल घाटात वळणे सुरू झाली तेव्हा आई मागच्या सीटवरून ड्रायव्हरला म्हणाली, “निधान, तम्मा, निधान.” कानडीत निधान म्हणजे सावकाश, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असते. मराठीत निधान म्हणजे ठेवा. आणि संस्कृतात त्या शब्दाचा मूळ अर्थ खाली ठेवणे. तीन भाषांत तीन अर्थ, पण त्या घाटात मला ते एकाच शब्दाचे वाटले : हातातले खाली ठेवल्याशिवाय सावकाश होता येत नाही, आणि सावकाश झाल्याशिवाय ठेवा काय तो दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी ही आठ नव्हे, पावणेनऊपर्यंत झोपली. मी एकटाच देवळात जाऊन आलो. आधी महागणपती, मग महाबळेश्वर. तिथले लिंग एरवी डोळ्यांना दिसतच नाही. पीठाच्या छिद्रातून बोट घालून चाचपावे लागते. त्या पोराने ठेवले ते तिथेच आहे, असे श्रद्धेने म्हणायचे. दहाच्या सुमारास आईला किनाऱ्यावर खुर्ची टाकून दिली. पाय पाण्यात सोडून ती दीड तास बसली. काही बोलली नाही. उठताना एवढेच म्हणाली, “केवढा आहे रे!”

इथे लेख संपवता आला असता, पण ते खरे होणार नाही. उतरलो होतो तिथल्या खाणावळीत एक चाळिशीची बाई वाढायला होती. आईने तिला कानडीत विचारले, “समुद्रावर जातेस की नाही ग कधी?” ती हसून म्हणाली, “समुद्र कुठं पळतोय अम्मा, इथंच आहे की.” शेवटची कधी गेली होती, ते मात्र तिला आठवेना. सकाळी सहाला येते, रात्री दहाला जाते.

म्हणजे हिच्या हातातले ओझे नाहीसे झाले नव्हते. ते त्या बाईच्या हातात गेले होते. आम्ही त्याचे पैसे दिले, तिला पगार मिळतो, हे सगळे ठीक. तरीही ओझे जगातून कधी कमी होत नाही, ते फक्त हात बदलते, हे मला त्या ताटावर बसून उमगले. यावर माझ्याकडे तोडगा नाही. कोणीच कोणाच्या हाती काही द्यायचे नाही, असे म्हटले तर संसारही चालणार नाही आणि संध्याही होणार नाही. आपल्या हाती असते ते एवढेच : देताना वजन किती आहे ते विचारावे, हाक आली की ऐकावी, आणि हातातले कितीही पवित्र काम अर्धवट टाकून उठावे.

यंदाही कुठेतरी जायचे चालले आहे. परवा मी शहाणपणा दाखवायला डायरी हिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, “या वेळी बेत तूच ठरव.” ती म्हणाली, “म्हणजे आता हेही माझ्याच गळ्यात का?”

ही पहिली हाक होती. दुसरीची वाट न बघता मी डायरी परत घेतली.