वाचलेला माणूस
१९४१चा जुलै सरत आला होता. आउश्वित्झच्या छळछावणीतून एक कैदी पळाला, म्हणून दहा जणांना उपाशी मारायचं ठरलं. त्यातला फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक बायकोमुलांच्या आठवणीनं रडू लागला, तेव्हा छावणीतलेच एक कैदी, फादर मॅक्सिमिलियन कोल्बे, पुढे झाले आणि त्याच्या जागी गेले. १४ ऑगस्टला त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारण्यात आलं.

मला मात्र जवळचा वाटतो तो गायोव्हनिचेक. तो १९९५पर्यंत जगला. ज्यांच्यासाठी रडला, ती मुलं युद्धात गेली. बायको तेवढी भेटली. असं दान मिळालेलं आयुष्य फेडायचं कसं? क्रूसासमोर मीही अडतो तो इथंच. सत्कर्मांचे हप्ते भरत राहावंसं वाटतं, पण तारणाऱ्यानं हिशेब मागितलेलाच नसतो. गायोव्हनिचेक पुढे आयुष्यभर लोकांना सांगत राहिला, आपल्या जागी कोण मेलं ते.