षड्ज हलतो तेव्हा

पाश्चात्त्य अभिजात संगीताची ओळख करून देणाऱ्या बहुतेक पुस्तकांत सोनाटा रूपाची व्याख्या ठरलेली असते : एक सुरावट, तिच्या विरुद्ध स्वभावाची दुसरी, मग त्यांचा विस्तार आणि शेवटी दोन्हींची पुनरावृत्ती. पाठ करायला सोपी. पण तिच्या भरवशावर हायडन ऐकायला बसलं की पहिल्याच पावलाला ठेच लागते. १७९५ साली लंडनमध्ये सादर झालेल्या त्याच्या १०४ व्या सिम्फनीचा पहिला भाग ऐका. दुसऱ्या सुरावटीची वाट पाहावी तिथे पहिलीच पुन्हा येते. फक्त आता पंचम हा षड्ज झालेला असतो.

माझ्या मते या रूपाचा जीव तिथेच आहे. आपल्याकडे तंबोरा षड्ज धरून असतो. मूर्च्छनेच्या अंगाने गायक दुसऱ्या स्वराला ‘सा’ केल्याचा भास निर्माण करतो, तेव्हाही तो ढळत नाही. या संगीतात असा आधार कुणी वाजवत नाही. षड्जाचं भान रचनेनेच सुरुवातीला रुजवायचं आणि मग तिनेच ते हलवायचं. मेजर रचनेत त्या काळी बहुधा पंचमाकडे जायचं, मायनरमध्ये कोमल गंधाराकडे. मधल्या भागात षड्ज कुठेच फार काळ टिकत नाही. अखेरीस, जे परक्या षड्जावर ऐकलं होतं ते मूळ षड्जावर ऐकू येतं. सुरावटी एक असोत की चार, ताण निर्माण होतो आणि सुटतो तो यामुळे.

हायडन-मोझार्टच्या काळातल्या शास्त्रकारांना हे ठाऊक होतं. हाइन्रिख कोखने १७९३ मध्ये सिम्फनीच्या पहिल्या भागाची बांधणी सांगितली, ती मुख्यतः षड्जाच्या प्रवासावरून. दोन सुरावटींना केंद्रस्थानी बसवलं ते पुढच्या पिढ्यांनी. बर्लिनच्या अडॉल्फ बर्नहार्ड मार्क्सने १८४५ मध्ये पहिलीला पुरुषी आणि दुसरीला स्त्रीसुलभ ठरवलं. तोवर बेथोव्हेनला जाऊन १८ वर्षं झाली होती. मार्क्स बेथोव्हेनचा निस्सीम चाहता होता, आणि रचना शिकवण्यासाठी त्याला आराखडा हवा होता. त्यात गैर काही नाही. पुढचे अनेक रचनाकार असेच आराखडे शिकून लिहूही लागले. पण तो आराखडा मागे नेऊन हायडनवर लादणं अन्यायाचं आहे.

मोझार्टचा १७८८ चा सी मेजर सोनाटा पियानोचे विद्यार्थी हमखास वाजवतात. त्यात पहिली सुरावट परतते ती मध्यमाला षड्ज मानून. सुरावटी मोजणाऱ्याला वाटतं, आपण परतलो. षड्ज धरून ऐकणाऱ्याला कळतं, अजून पोहोचायचंय.

‘एरोइका’ सिम्फनीमध्ये तर बेथोव्हेनने हे टोकाला नेलं. पहिल्या भागात मूळ षड्ज परतण्याच्या बेतात असताना व्हायोलिनं मध्यम-पंचमावर अगदी हलकी थरथरत थांबलेली असतात, आणि तेवढ्यात एक हॉर्न चार मात्रागट आधीच मूळ षड्जावरची सुरावट वाजवून जातो. पहिल्या तालमीत शिष्य फर्डिनांड रीस शेजारीच उभा होता. हॉर्नवाला चुकला असं समजून तो तसं बोलून गेला, आणि गुरूची थप्पड थोडक्यात चुकली, असं त्याने आठवणींत लिहिलं आहे. रीसचा कान मुळीच कच्चा नव्हता. षड्ज अजून यायचा आहे हे त्याला अचूक कळलं होतं, म्हणूनच तो दचकला. दुसरी सुरावट कुठली हे शोधत बसलेल्या श्रोत्याच्या हातून नेमका हा क्षण निसटतो.

म्हणून एवढंच सुचवतो. पुढच्या वेळी सिम्फनी ऐकताना माहितीपत्रक बाजूला ठेवा, सुरुवातीचा षड्ज मनात गुणगुणत राहा आणि तो कुठे सुटतो, कुठे भेटतो याकडे लक्ष द्या. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला हे जमण्यासारखं आहे.