लाट कोणाची?

एखादे सुंदर ठिकाण सापडले की माणसाच्या मनात दोन इच्छा एकदमच जाग्या होतात. ते कोणाला तरी दाखवावे, ही पहिली. ते कोणालाही कळू नये, ही दुसरी. पहिलीतून वाटा तयार होतात, दुसरीतून कुंपणे. फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवर स्वार होण्याचा जो खेळ सर्फिंग या नावाने जगभर पसरला आहे, त्यात या दोन इच्छांचा झगडा फार स्पष्ट दिसतो. वरवर हा प्रश्न काही हौशी खेळाडूंचा वाटेल. पण किनाऱ्यावर राहणाऱ्या आम्हां सर्वांना त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

या खेळाचे मूळ साधनच दुर्मीळ आहे. मैदान नसेल तर नवे तयार करता येते. कृत्रिम तलावात लाटा उठवणारी यंत्रेही आता निघाली आहेत. पण समुद्रातली उत्तम लाट माणसाच्या इच्छेने उठत नाही. दूरच्या वादळाने खवळलेले पाणी, तळाचा विशिष्ट उतार, खडकाची ठेवण आणि वाऱ्याची दिशा हे सारे जुळून यावे लागते. शिवाय एका लाटेवर एकानेच स्वार व्हावे असा खेळाचा संकेत आहे. पाण्यात दहाजण असले तर प्रत्येकाच्या वाट्याला लाटा येतात. शंभर असले तर भांडणे येतात. म्हणूनच दूरच्या किनाऱ्यावरील जागेचे नाव सांगायचे नाही, छायाचित्रात डोंगराची ओळख पटू द्यायची नाही, अशी रीत या मंडळींत पडली. त्यांची धास्ती अनाठायी नाही. आधी छायाचित्र येते, त्यामागून स्पर्धा, मग प्रायोजकांचे फलक आणि शेवटी हॉटेले.

तेव्हा अशी जागा राखली पाहिजे, हे आम्ही मान्य करतो. परंतु ती कोणी राखावी, आणि कोणासाठी?

'जो आधी आला त्याने,' हे पहिले उत्तर. कॅलिफोर्नियात लुनाडा बे नावाचा एक लहानसा उपसागर आहे. शेजारच्या सधन वस्तीतील काही सर्फर मंडळींनी अनेक वर्षे तेथे बाहेरच्या माणसाला धाकात ठेवले. शिवीगाळ, धमक्या, गाडीची मोडतोड, असे प्रकार चालत. कड्याच्या पायथ्याशी त्यांनी दगडांचा एक अड्डाही बांधला होता. २०१६ साली प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी तो अड्डा पाडण्यात आला. या मंडळींचे त्या लाटेवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? पण जे प्रेम दुसऱ्याच्या वाट्याला काहीच येऊ देत नाही, त्याला राखण म्हणायचे की मालकी?

'जो मोल देईल त्याने,' हे दुसरे उत्तर. फिजीमधील तावारुआ बेटाजवळ क्लाउडब्रेक नावाची प्रसिद्ध लाट उठते. मासेमारीचा परंपरागत हक्क असलेल्या स्थानिकांशी झालेल्या व्यवस्थेतून बेटावरील विश्रामगृहाच्या पाहुण्यांनाच त्या लाटेवर जाता येई. लाट शांत राहिली, गर्दी झाली नाही. परंतु ती शांतता विकत घेतलेली होती, आणि मोल देऊ न शकणारा फिजीचा तरुण स्वतःच्याच देशात दाराबाहेर उभा होता. २०१० साली तेथील सरकारने हुकूम काढून हा एकाधिकार संपवला. दार उघडले तसे न्यायाबरोबर होड्याही आत आल्या. जुने पाहुणे गर्दीबद्दल हळहळले. त्यांची हळहळ आम्हाला समजते. पण दाराबाहेर उभे असलेल्यांबद्दल त्यांना आधी कधी हळहळ वाटली होती का, हेही विचारावेसे वाटते.

तिसरे उत्तर ताहिती बेटावरील तेआहुपोओ या गावात शोधावे लागते. रस्ता जेथे संपतो तेथे हे गाव आहे. वस्ती सुमारे दीड हजार. किनाऱ्यापासून जवळजवळ अर्धा किलोमीटरवर प्रवाळाची भिंत आहे. दरीतून येणाऱ्या नदीच्या गोड्या पाण्यात प्रवाळ वाढत नाही. म्हणून त्या भिंतीत एक खिंड राहिली आहे, आणि तिच्या कडेला खोल समुद्रातून आलेले पाणी एकाएकी उथळ प्रवाळावर आदळते. जगातील अत्यंत अवघड लाटांपैकी एक तेथे जन्मते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तेथे व्यावसायिक स्पर्धा सुरू झाल्या आणि ऑगस्ट २०००मध्ये लेअर्ड हॅमिल्टनने तेथील एका राक्षसी लाटेवर स्वारी केल्यावर हे नाव जगभर झाले. मार्च २०२०मध्ये पॅरिस ऑलिंपिकमधील सर्फिंगसाठी, पॅरिसपासून पंधरा हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेले हे गाव निश्चित झाले.

स्पर्धेसाठी परीक्षकांना लाट समोरून दिसावी लागते, म्हणून प्रवाळावर मनोरा उभारतात. पूर्वी तो लाकडी असे. स्पर्धेपुरता उभारावा आणि मग उतरवून ठेवावा. ऑलिंपिकसाठी मात्र सुरक्षेच्या नव्या नियमांचे कारण देऊन सुमारे चौदा टन वजनाचा, वातानुकूलित खोलीसह ॲल्युमिनियमचा मनोरा योजण्यात आला. ऑक्टोबर २०२३मध्ये गावकरी, मच्छीमार आणि सर्फर शेकडोंच्या संख्येने रस्त्यावर आले. त्यांच्या अर्जावर जगभरातून दोन लाखांहून अधिक सह्या पडल्या. त्यांची भीती केवळ सौंदर्याची नव्हती. तुटलेल्या प्रवाळावर शेवाळ वाढते, त्यावर सूक्ष्म विषारी जीव पोसतात, ते विष माशांत उतरते आणि माशांमधून माणसाच्या ताटात येते. पाहुण्याच्या दृष्टीने जी लाट होती, ती गावकऱ्याच्या दृष्टीने उद्याची चूल होती.

नोव्हेंबरमध्ये आयोजकांनी मनोरा लहान करण्याचे मान्य केले. वजन सुमारे नऊ टनांवर आणले. तरीही डिसेंबरच्या आरंभी, मनोऱ्याचे सामान नेणाऱ्या बार्जची चाचणी चालू असता प्रवाळ तुटले. काम काही काळ थांबले, पुढे पुरे झाले, आणि जुलै-ऑगस्ट २०२४मध्ये स्पर्धा पार पडली. ४८ स्पर्धक आले. त्यांच्यासाठी किनाऱ्यावर नवी वसाहत न उभारता बहुतेकांची सोय एका जहाजावर करण्यात आली. पुरुषांचे सुवर्णपदक ताहितीचाच तरुण काउली वास्त याने मिळवले.

या प्रसंगात आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे, की रस्त्यावर उतरलेल्यांपैकी अनेकांचा स्पर्धेला विरोध नव्हता. 'या, पण आमच्या समुद्राला पेलेल एवढेच होऊन या,' असे ते म्हणत होते. असे म्हणण्याचा अधिकार त्यांना कोठून आला? केवळ ते तेथे जन्मले म्हणून का? आमच्या मते तो अधिकार दुसऱ्याच एका गोष्टीतून आला. पॉलिनेशियात राहुई नावाची जुनी प्रथा आहे. समुद्राचा एखादा भाग सर्वांनी मिळून वर्ज्य करावा, तेथे जाळे टाकू नये, मासा वाढू द्यावा. तेआहुपोओच्या समुद्रात २०१४ साली असा राहुई लागू झाला. म्हणजे परक्याला 'कमी घ्या' असे सांगण्याच्या कितीतरी आधी या लोकांनी स्वतःचा हात आखडता घेतला होता.

आपल्या कोळीवाड्यांना हा विचार परका नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला विसावा द्यायचा, ही रीत जुनी आहे. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला कायद्याने बंदी असते. पण कायद्याच्या आधी ती मर्यादा माणसांनी स्वतःवर घालून घेतली होती. ज्याने ही उपासमार सोसली आहे, त्याच्या तोंडी 'समुद्र राखा' हे शब्द शोभतात.

म्हणून आम्हाला वाटते की जागा राखण्याचा हक्क आधी येण्याने मिळत नाही आणि पैशानेही मिळत नाही. तो स्वतःच्या त्यागाने मिळतो. गुप्त लाटेचा भोक्ता जेव्हा म्हणतो की इतरांनी येऊ नये, तेव्हा त्याने स्वतः किती वेळा जायचे सोडले, हे विचारावे. मनोरा बांधणारा जेव्हा म्हणतो की यात गावाचा फायदा आहे, तेव्हा स्पर्धा संपल्यावर तुटलेल्या प्रवाळापाशी कोण राहणार, हे विचारावे. या दोन प्रश्नांना जो खाली न पाहता उत्तर देईल, त्याने राखणदार व्हावे.

हे माप इतरांना लावणे सोपे आहे. आमच्याही मनात किनाऱ्याचा एखादा निवांत कोपरा असतो, आणि सुटीच्या दिवशी तेथे परक्या गाड्या दिसल्या की कपाळाला आठी पडते. पण आदल्याच महिन्यात दुसऱ्या कोणाच्या निवांत कोपऱ्यात आमची गाडी उभी होती, तिथली कागदी ताटे आम्ही उचलली की नाही, हे तेव्हा आठवत नाही. काउली वास्तचे पदक आम्हाला आनंद देते. तुटलेले प्रवाळ खंत देते. या दोन्ही गोष्टी एकाच लाटेने दिल्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी विसरणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुढच्या वेळी एखादे सुंदर ठिकाण सापडले, तर ते दाखवावे की लपवावे, हा प्रश्न आम्ही नंतर सोडवू. येथून आपण काय घ्यायचे नाही, हे आधी ठरवू.