उतरणीचे तप

सिंहगड, राजगड, तोरणा अशा वाटांवर ४२.१९५ किलोमीटर पळण्यासाठी महिनोन्महिने केलेल्या तयारीला तप म्हणावे का? मी म्हणेन. मात्र तप म्हणजे देहाला शिक्षा, हा समज आधी सोडायला हवा. गीतेचा सतरावा अध्याय हट्टाने स्वतःला पीडा देणाऱ्या तपाला तामस ठरवतो, आणि डोंगरही तोच निवाडा देतो. चढावर दम लागतो, पण खरी मोडतोड उतारावर होते. तिथे मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलतात, त्यांना सूक्ष्म इजा होते आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. थोडाच उतार पळून पुरेशी विश्रांती घेतली, तर पुढचे काही आठवडे तसाच उतार त्या स्नायूंना कमी बाधतो. ही डागडुजी झोपेत, जेवणात, थांबण्यात होते. म्हणजे न पळण्याचा दिवसही साधनेचाच, आणि उत्साही माणसाला नेमका तोच पाळणे जड जाते.

आक्षेप असा की, शेवटी पदक हवेच असते. मग हे तप निष्काम कसे? आक्षेप खरा आहे. मानासाठी केलेले तप गीतेनुसार राजस, अस्थिर. पण पदक एकाच सकाळी मिळते. बाकीच्या पहाटांना अंधारात, घसरड्या मुरमावर, पुढचे पाऊल कुठे टाकायचे एवढेच समोर असते. मन फळाकडे गेले की घोटा मुरगळतो. पतंजलींनी अभ्यासाकडून दीर्घकाळ, अखंडता आणि आदर मागितला आहे; सुरुवातीचा हेतू निर्मळच हवा, अशी अट त्यात नाही.