भरती, ओहोटी आणि खाडा

2022 च्या जुलै महिन्यात बीड, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी गोगलगायीला जितक्या शिव्याशाप दिले, तितके क्वचितच एखाद्या मुक्या जिवाच्या वाट्याला आले असतील. सोयाबीनची कोवळी रोपे तिने रातोरात फस्त केली आणि कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. ओल्या मातीत शेकड्यांनी अंडी घालणारा हा जीव नर आणि मादी अशी दोन्ही रूपे एकाच देहात बाळगतो, हेही त्या निमित्ताने पुष्कळांना प्रथमच कळले. आज मात्र आम्ही वाचकांना तिच्या समुद्रातील एका दूरच्या बहिणीकडे नेऊ इच्छितो; कारण तिच्याविषयी वाचताना जो प्रश्न आमच्या मनात उभा राहिला, तो समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या बीड जिल्ह्याचाच आहे.

उत्तर अटलांटिक महासागराच्या खडकाळ किनाऱ्यांवर लिटोरिना कुळातील लहान गोगलगायी राहतात. त्यांच्यातील काही माद्या चिकट आवरणात गुंडाळलेली अंडी खडकाच्या फटींत घालतात. काही मात्र अंडी बाहेर टाकतच नाहीत. देहातील एका पिशवीत ती जपतात आणि शंखासह तयार झालेली पिल्लेच जन्माला घालतात. दोघींचे शंख इतके सारखे की, वरून पाहून त्या ओळखणे कठीण. 2024 च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात या जिवांच्या आनुवंशिक घडणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिल्ले प्रसवण्याची ही रीत गेल्या सुमारे एक लाख वर्षांत, म्हणजे सृष्टीच्या हिशेबाने काल-परवाच, आणि तीही एका फटक्यात नव्हे, तर पन्नासेक लहान लहान आनुवंशिक बदल साठत साठत आली, असे त्यात आढळले. जी ग्रंथी पूर्वी अंड्यांवर चिकट लेप चढवीत असे, तिचीच हळूहळू पिशवी झाली. ओहोटीच्या वेळी खडक तापतो, फटीतील अंडी सुकतात, लाटा ती खरवडून नेतात; अशा जागी जी माता पिल्लांना पोटात घेऊन फिरते तिचा वंश तगतो. निर्मात्याची ही सावकाशी आम्हाला कोणत्याही चमत्काराइतकीच आदरणीय वाटते.

पिशवी! आमच्या जिल्ह्यात हा शब्द निराळ्याच वाक्यात ऐकू येतो. ‘पिशवी काढली’ असे बाया म्हणतात, आणि दाढ काढल्याचे सांगावे तशा स्वरात म्हणतात. 2019 च्या जूनमध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील 99 खासगी रुग्णालयांत 4,605 स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. पुढे शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे दर सहा जणींत एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातील हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते.

कारणे येथील वाचकांना सांगावयास नकोत. नवराबायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर जायचे. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते, मग डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची. कोपीत न्हाणी नाही, शौचालय नाही. पाळीच्या दिवसांत, अंगावरून जात असताना, पोटात दुखत असताना काम चुकले की खाडा. आणि खाडा म्हणजे उचलीत वाढ. दवाखान्यात गेले की कोणी कॅन्सरची भीती घालते, कोणी म्हणते, मुले झाली, आता पिशवीचे काम काय? मग त्या शस्त्रक्रियेसाठीही मुकादमाकडूनच पैसे घ्यायचे. तिशीतल्या बाईचे हाड ठिसूळ होऊ लागते, कंबर धरते, आणि कोयता सुटत नाही.

यावर एक उत्तर आम्ही सुशिक्षितांच्या तोंडून ऐकले आहे. ‘त्यांनी परिस्थितीशी जुळवून घेतले. कोणी जबरदस्ती केली नाही. संमतीपत्रावर अंगठा त्यांचाच आहे.’ हे उत्तर क्रूर माणसांचे नाही, म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे.

रोगट अवयव साऱ्या देहाच्या रक्षणासाठी काढण्यास ख्रिस्तसभेने कधीच मनाई केलेली नाही. प्रश्न आहे तो संमतीचा. सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलकडून घेतलेले एक उदाहरण शिकविले जात असे. वादळात सापडलेला खलाशी जहाज वाचावे म्हणून माल समुद्रात फेकतो. ही कृती त्याची स्वतःची आहे काय? संत थॉमस म्हणतात, होय. त्या क्षणी ती त्याच्या इच्छेनेच घडते, जरी एरवी त्याने ती कधीच केली नसती. तेव्हा आमच्या मायबहिणींचा अंगठा त्यांचाच होता, हे मान्य करू. त्यांना निर्बुद्ध ठरवून निर्दोष म्हणणे हाही त्यांचा अपमानच आहे.

परंतु खलाशाचे वादळ कोणी माणसाने उठविलेले नसते. गोगलगायीची भरती-ओहोटी चंद्र ठरवितो. तिला कोणापुढे तक्रार मांडता येत नाही, आणि तिच्यापाशी निवडही नाही. खाडा मात्र चंद्राने लावलेला नाही. तो माणसांनी, माणसांच्या सोयीसाठी, वहीत मांडलेला आहे. पोप तेरावे लिओ यांनी 1891 च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात मजुरीच्या कराराविषयी हाच भेद केला: गरजेपोटी कामगार जाचक अटी पत्करतो, तेव्हा करार झाला म्हणून न्याय झाला असे होत नाही, तो बळजबरीचा आणि अन्यायाचा बळी असतो. जुळवून घेणे हा निसर्गात जगण्याचा मार्ग असेल. माणसाच्या व्यवहारात मात्र हा शब्द कानी पडताच, जुळवून कोणाशी घ्यावे लागले, हे विचारणे आपले कर्तव्य ठरते.

जाता जाता आणखी एक. त्या अभ्यासात असेही दिसले की, अंडी घालणाऱ्या आणि पिल्ले प्रसवणाऱ्या गोगलगायींचे गोत केवळ पिशवीवरून वेगळे पाडता येत नाही. वंशवृक्षावर त्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत. आमच्या काही घरांत पिशवी काढलेल्या सुनेकडे ‘रिकामी’ म्हणून पाहिले जाते, तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज होते. विवाह हा गर्भाशयाशी नव्हे, तर स्त्रीशी झालेला करार आहे, हे विवाहपूर्व मार्गदर्शनात सांगतो, तेव्हा माना डोलतात. कुजबुज थांबत नाही.

2019 मध्ये बीडच्या प्रशासनाने खासगी रुग्णालयांना असे बंधन घातले की, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पूर्वपरवानगीवाचून गर्भाशय काढता येणार नाही. हे योग्यच झाले. त्या परवानगीचा कागद शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत पोहोचतो. खाडा फडावर लागतो, आणि तो लावताना मुकादमाला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.