न दिसणारा शेजारी



बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील शिलोंडा वाट सोपी आहे. मुलाबाळांसह ओढ्याच्या सोबतीने चालता येते. याच जंगलात, तुळशी तलावाजवळ उगम पावणारी दहिसर नदी वर निर्मळ असते. वस्तीत शिरताच तिचे गटार होते.

खाऊची रिकामी पिशवी ओढ्यात टाकणे हे पाप आहे काय? इवलीशी तर पिशवी! परंतु पाणी थांबत नाही; आपण टाकलेले ते खाली राहणाऱ्याच्या दारात नेते. भल्या शोमरोनीला वाटेत पडलेला शेजारी दिसला तरी होता. आपला हा शेजारी आपल्याला दिसतही नाही. म्हणूनच त्याच्यावरील प्रीती अधिक कठीण.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या पत्रात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. प्रायश्चित्त संस्काराला जाताना ती पिशवीही आठवू या.